आधी जळण, मग शेगडी

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने निघालं, की सावनेर मागे पडल्यावर महाराष्ट्र संपतो; मराठी मात्र संपत नाही. सौंसर, रामाकोना, पांढुर्णा या सगळ्या पट्ट्यात घरातली, बाजारातली आणि शेतातली बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठीच आहे. 1956पर्यंत नागपूर हीच मध्यप्रदेशाची राजधानी होती. राज्यांची फेररचना झाली आणि हा भाग हिंदी राज्यात राहिला. 5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. याच सौंसर तहसिलीत जामसांवली आहे. तिथे पिंपळाखाली हनुमानाची निद्रिस्त मूर्ती आहे, आणि मंगळवारी-शनिवारी गर्दी इतकी होते की नागपूर, अमरावती, बैतूल, छिंदवाडा या सगळ्या दिशांच्या गाड्या एका आवारात दिसतात.

या मुलखात मारुतीच्या नावाने स्वयंपाक करायचा म्हणजे रोडगे. पानांत गुंडाळून भाजले तर पानगे. एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला नवस बोलते तोही रोडग्याचाच, इतका हा पदार्थ जुना आहे. गव्हाची जाडसर कणीक, तेलाचं मोहन, मीठ, ओवा. घट्ट मळायचं, गोळे वळायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. कृती एवढी साधी, की नवख्या माणसाला सगळं कसब कणकेत असावं असं वाटतं. पण जो माणूस पन्नास जणांचे रोडगे टाकतो तो कणकेकडे नंतर पाहतो. तो सकाळी आधी गोवऱ्या पाहतो: वाळल्यात का, पातळ आहेत की जाड, पावसाचा ओलावा लागलाय का, शेणात काडीकचरा किती आहे. मग थर रचतो, पेटवतो आणि थांबतो. धूर पूर्ण जाईपर्यंत, वरचा जाळ बसेपर्यंत आणि निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत तो गोळ्यांना हात लावत नाही. आधी रोडगे निखाऱ्यांवर उलटेपालटे करून वरची साल धरवतो आणि नंतर फुफाट्यात पुरून टाकतो, म्हणजे आतपर्यंत शिजतात.

पेलेट ग्रिल या यंत्राबद्दलच्या प्रकरणात रोडगे आधी आणले, कारण ग्रिल घेऊ पाहणाऱ्याला मला जे सांगायचं आहे ते या माणसाला ठाऊक आहे. जळण आधी ठरतं, शेगडी नंतर.

लाकूड असो की गोवरी, ते एका दमात जळत नाही. आधी आतलं पाणी वाफ होऊन जातं. मग साधारण दोनशे अंशांच्या पुढे लाकूड फुटू लागतं आणि त्यातून ज्वलनशील वायू व वाफा सुटतात. लाकडाच्या वजनाचा बहुतांश भाग, सुमारे तीन चतुर्थांश, असा वायू होऊन निघून जातो. त्याला पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली तर ज्वाळा होते. नाही मिळाली तर तोच वायू धूर होऊन डोळ्यांत आणि छातीत जातो. शेवटी उरतो तो कोळसा. तो धूर न करता संथ आणि सारखी आच देत जळतो. धूर सरेपर्यंत थांबणारा रोडगेवाला पहिले दोन टप्पे जाऊ देतो आणि तिसऱ्यावर भाजतो. चांगली चूल हे तीन टप्पे एकाच वेळी, नीट हवा देऊन उरकते. जळण प्रत्येक वेळी वेगळ्या ओलाव्याचं आणि आकाराचं असेल, तर मात्र कुठलीही चूल हे नेमाने करू शकत नाही. त्या अडचणीवरचा उपाय म्हणजे पेलेट.

पेलेट म्हणजे भुसा किंवा काडीकचऱ्याचा बारीक चुरा, चकलीच्या सोऱ्यातून पीठ निघावं तसा भोकांच्या पोलादी साच्यातून प्रचंड दाबाने काढलेला. दाबाने आणि घर्षणाने चुरा तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ पडतं आणि तेच डिंकाचं काम करतं. वेगळा गोंद लागत नाही. चांगल्या पेलेटचा व्यास 6 किंवा 8 मिलिमीटर, ओलावा दहा टक्क्यांच्या आत, आणि एका घनमीटरला वजन साधारण साडेसहाशे-सातशे किलो. सगळे तुकडे एकसारखे असल्यामुळे ते यंत्राने मोजून जाळता येतात.

ग्रिलच्या एका बाजूला पेलेटचा डबा असतो, त्याला हॉपर म्हणतात. त्याच्या तळाशी मळसूत्री दांडा फिरतो आणि पेलेट पुढे ढकलत एका लहान पोलादी वाटीत टाकतो. वाटीत विजेवर तापणारी कांडी असते. ती पहिल्या काही मिनिटांत जाळ धरवते. खालून पंखा हवा देतो. वाटीवर आडवा पत्रा असतो, त्यावर रस-तेल गळून बाजूच्या डबीत जाईल असा तिरका तसराळा, आणि त्याच्याही वर जाळी. पदार्थाला थेट ज्वाळा लागत नाही. झाकणाखाली गरम हवा आणि थोडा धूर खेळतो. आतलं तापमान मोजून नियंत्रक दांड्याचा वेग कमी-जास्त करतो. बहुतेक ग्रिल 80 अंशांपासून 230-260 अंश सेल्सिअसपर्यंत चालतात आणि ताशी अर्धा ते एक किलो पेलेट खातात. हिवाळ्यात आणि वाऱ्यात जास्त.

1970च्या दशकात तेल महागलं, त्यानंतर अमेरिकेत घर उबदार ठेवण्यासाठी पेलेटच्या शेगड्या आल्या. ऑरेगॉन राज्यातल्या माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांनी 1980च्या दशकाच्या मध्यात त्याच जळणावर चालणारं स्वयंपाकाचं ग्रिल बनवलं. पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्या उतरल्या, आणि आज अमेरिकेतल्या मराठी घरांच्या अंगणातही या ग्रिलवर पनीर आणि मक्याची कणसं भाजली जातात. तिथे ग्रिल निवडणं सोपं आहे, कारण पेलेटची पोती किराणा दुकानात मिळतात. आपल्याकडे पहिला प्रश्न पेलेटचाच.

त्याचं उत्तर नीट न मिळाल्यामुळे काय होतं, हे महाराष्ट्राने एकदा पाहिलं आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एच. एस. मुकुंदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेलेटवर चालणारी एक उत्कृष्ट शेगडी तयार केली. सुमारे सहाशे ग्रॅम पेलेट भरायचे, वरून पेटवायचे, आणि बॅटरीवरचा छोटा पंखा खालून थोडी आणि वरून जास्त हवा देतो. खालच्या हवेने पेलेटचा वायू होतो, वरच्या हवेने तो स्वच्छ जळतो. एका भरण्यात जवळपास तासभर स्वयंपाक, धूर नगण्य. 2006 पासून ही शेगडी ‘ऊर्जा’ या नावाने बाजारात आली. आधी बीपी या तेल कंपनीने आणि पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जीने ती विकली. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तमिळनाडूत मिळून चार लाखांच्या आसपास शेगड्या घरांत गेल्या. शेगडीत खोट नव्हती. पण पेलेट ज्या उसाच्या चिपाडासारख्या मालापासून बनत, त्यावर कारखान्यांच्या बॉयलरचाही डोळा होता. कच्चा माल महागला, पेलेट महागले, आणि घरच्या बायकांनी हिशेब करून शेगडी माळ्यावर टाकली. कंपनीने पुढे उपाहारगृहं आणि कारखान्यांच्या भटारखान्यांकडे मोर्चा वळवला. या देशात शेगडीवर इतकी बुद्धी क्वचितच खर्च झाली असेल, आणि ती जळणापाशी अडली याचं मला अजूनही वाईट वाटतं.

सौंसर-पांढुर्ण्याची बाजू इथे भक्कम आहे. हा कापसाचा आणि संत्र्याचा मुलूख. वेचणी संपली की शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, उभी राहते. पूर्वी ती उपटून घरी यायची, अंगणात गंज लागायची आणि तुराट्यांसोबत वर्षभर चुलीत जायची. घरोघरी गॅस आल्यावर ती धुऱ्यावर पडू लागली किंवा शेतातच पेटवली जाऊ लागली. धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीचं आणखी एक दुखणं म्हणजे तिच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. 2017 साली विदर्भात या अळीने जो कहर केला, त्यानंतर पऱ्हाटी शेतातून वेळेवर काढा आणि तिचा चुरा करा, हे कृषी शास्त्रज्ञ घसा कोरडा करून सांगत आले आहेत. पेलेटसाठी चुराच लागतो. एका हेक्टरमधून दोन-तीन टन पऱ्हाटी सहज निघते, आणि ती जळणाला हलकी नाही. किलोमागे सुमारे चार हजार किलोकॅलरी उष्णता देते. गॅसशी तुलना केली तर एक किलो गॅसच्या उष्णतेला साधारण पावणेतीन किलो पेलेट लागतात. धाब्यावरचा किंवा प्रसादाच्या भटारखान्यातला हिशेब या आकड्याने सुरू करावा.

यावर कामही झालं आहे. कापसाच्या तंत्रज्ञानावर संशोधन करणारी, 1924 साली माटुंग्यात सुरू झालेली ‘सिरकॉट’ ही संस्था पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट आणि पेलेट बनवण्यावर अनेक वर्षं काम करते आहे, आणि तिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरला आहे, म्हणजे सौंसरहून दीड-दोन तासांच्या वाटेवर. आता स्पर्धक मात्र चिपाडाच्या बॉयलरपेक्षा मोठा आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये औष्णिक वीज केंद्रांना कोळशासोबत पाच टक्के जैवभार जाळण्याचं धोरण दिलं. कोराडी आणि खापरखेडा इथली वीज केंद्रं याच पट्ट्याच्या वेशीवर आहेत. म्हणून माझा सल्ला ठाम आहे: ग्रिलची किंमत विचारण्याआधी वर्षभराच्या पेलेटचा भाव आणि पुरवठादार ठरवा. जामसांवलीत 2023 साली ‘हनुमान लोक’ या देवस्थान प्रकल्पाच्या कामाचं भूमिपूजन झालं. भाविक वाढतील, खानावळी वाढतील. चार-पाच खानावळींनी मिळून एका पेलेट कारखान्याशी वर्षाचा करार केला, तर यंत्र निवडण्याची निम्मी चिंता तिथेच मिटते.

आता पेलेट ओळखायचा कसा? युरोपात सर्वांत वरच्या प्रतीच्या लाकडी पेलेटमध्ये राख 0.7 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. पऱ्हाटीत ती तीन ते सहा टक्के असू शकते. वीस किलोच्या पोत्यामागे पहिल्यात 140 ग्रॅम राख, दुसऱ्यात पाच टक्के धरले तर पूर्ण एक किलो. शिवाय शेतातल्या काडीत पोटॅश जास्त असतं, त्यामुळे राख कमी तापमानालाच वितळून तिचे काचेसारखे कडक खडे होतात आणि हवेची भोकं बुजतात. लाकडी पेलेटसाठी बनवलेल्या अमेरिकन ग्रिलची इवली वाटी पऱ्हाटीच्या पेलेटने तासा-दोन तासांत गच्च होते. पऱ्हाटीला मोठी वाटी, राख खाली पाडणारी हलती जाळी आणि हाताने खरवडता येईल अशी तोंडं असलेली भट्टी हवी. भारतीय बनावटीच्या व्यावसायिक शेगड्यांत ती असते. धानाच्या तुसाचे पेलेट कुणी दिले तर स्वयंपाकाला घेऊच नयेत. त्यात पाचवा हिस्सा राखच असते. आणि ज्यात प्लायवूड किंवा फर्निचरचा भुसा आहे असे पेलेट तर अन्नाजवळही नेऊ नयेत, त्यातल्या रसायनी गोंदाचा धूर विषारी असतो.

पारख हातानेच होते. पेलेट मोडला तर कडक आवाज करून तुटला पाहिजे. बोटात भुगा होत असेल तर ओलावा शिरला आहे. पोत्याच्या तळाशी पीठ फार असेल तर ते दांड्यात जाऊन बसणार. पाण्याच्या पेल्यात चांगला पेलेट आधी बुडतो, मग फुलून विरघळल्यासारखा सुटतो. तरंगला तर दाब कमी पडला आहे. विक्रेत्याने राखेचा आकडा सांगितला तरी घरी एक किलो मोजून जाळावा आणि राख गार झाल्यावर वजन करावं. दहा ग्रॅम म्हणजे एक टक्का.

वासासाठी फळझाडाचं लाकूड उत्तम, आणि या भागात संत्र्याची बाग असलेला प्रत्येक जण फळं उतरवल्यावर सल, म्हणजे झाडावरच्या वाळलेल्या काड्या-फांद्या, काढतो. वाळलेल्या सलीचा धूर सौम्य असतो. पऱ्हाटीच्या पेलेटवर भाजताना निखाऱ्यावर संत्र्याच्या सलीचे चार तुकडे ठेवले तर पदार्थाला चव येते. मात्र खोडाला बोर्डोपेस्ट लावलेली असते, त्यात मोरचूद असतो. रंगलेलं लाकूड घेऊ नये, आणि नुकत्याच फवारलेल्या बागेतलंही नाही. धूर विरळ, निळसर असेल तोवरच पदार्थ आत ठेवावा. पांढरा दाट धूर म्हणजे जळण गुदमरलं आहे; त्याची चव कडवट लागते आणि तो अंगालाही वाईट.

यंत्र घेताना पत्र्याची जाडी आणि झाकण किती घट्ट बसतं हे आधी पाहावं. आच टिकते ती त्यांच्यामुळे. मोबाइलवरून चालणारी बटणं शेवटी. परदेशातल्या नातेवाइकाने ग्रिल पाठवलं तर वीज तपासावी. अमेरिकेतलं यंत्र 120 व्होल्टचं असतं. आपल्या 230 व्होल्टवर लावलं तर पेटवणाऱ्या कांडीवर जवळजवळ पावणेचार पट भार पडतो आणि ती क्षणात जळते. ट्रान्सफॉर्मर लावूनही एक फरक उरतो: तिथे वीज सेकंदाला 60 आवर्तनांची, इथे 50ची, जुन्या पद्धतीची मोटर त्यामुळे सावकाश फिरते आणि पेलेट कमी पडतात. डीसी मोटर असलेल्या ग्रिलला ही अडचण नाही.

वीज गेली तर काय, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. पंखा थांबला की जाळ गुदमरतो, आणि उष्णता मळसूत्री दांड्याच्या नळीतून मागे हॉपरकडे सरकू शकते. पेटवताना कांडीला दोन-तीनशे वॉट लागतात, पुढे सगळं मिळून पन्नास वॉटच्या आसपास. घरच्या इन्व्हर्टरवर ते आरामात चालतं. इन्व्हर्टर नसेल तर पेलेट ग्रिल घेऊ नये, पंख्याशिवाय चालणारी साधी शेगडी बरी. आणि गोवरी असो वा पेलेट, बंद खोलीत जाळायचं नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

अशा ग्रिलवर आपलं काय भाजावं? सर्वांत आधी वांगं. खानदेशात भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजतात. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पऱ्हाटीच्या पेलेटचा धूर त्या चवीच्या जवळ जातो. पूर्ण आच लावून, झाकण बंद ठेवून साधारण पाऊण तास. मध्ये एकदा उलटायचं आणि देठाजवळ सुरी सहज शिरली की काढायचं. रोडगे दोनशे अंशांवर ठेवावेत आणि शेवटची दहा मिनिटं पूर्ण आचेवर, म्हणजे वरून साल धरते. फुफाट्यातला रोडगा जसा चहूबाजूंनी राखेत दाबून शिजतो तसा तो जाळीवर शिजत नाही, हे मान्य केलंच पाहिजे. नवसाचे रोडगे गोवरीवरच व्हावेत, असं माझं मत आहे. रोजच्या धाब्याला मात्र पेलेट परवडतो आणि चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाची छाती वाचवतो.

देखभालीचं सगळं मर्म राखेत आणि तेलात आहे. पेटवताना झाकण उघडं ठेवायचं. एकदा पेटवण्याचा प्रयत्न फसला तर वाटीतले साचलेले पेलेट काढल्याशिवाय पुन्हा बटण दाबायचं नाही. दुप्पट जळण एकदम पेटलं तर झाकण उडू शकतं. बंद करताना थेट वीज तोडू नये. यंत्राचं बंद होण्याचं चक्र पूर्ण होऊ द्यावं, त्यात पंखा वाटीतलं उरलेलं जाळून टाकतो. लाकडी पेलेट असतील तर दोन-तीन स्वयंपाकांनंतर वाटी साफ करावी. पऱ्हाटीचे असतील तर दर वेळी, आणि खडे खरवडून. तापमापकाच्या सळईवर काजळी चढली की नियंत्रक चुकीचं तापमान वाचतो, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसावी. तेलाचा तसराळा विसरला तर साचलेलं तेल पेट घेतं. अशा वेळी पाणी ओतू नये. झाकण लावावं, वीज बंद करावी, हवा तोडावी.

पावसाळा हा पेलेटचा शत्रू. मृगाच्या आधी हॉपर पूर्ण रिकामा करायचा आणि दांड्यातले शेवटचे पेलेटही जाळून संपवायचे. ओल लागलेला पेलेट फुलतो आणि दांड्यात सिमेंटसारखा घट्ट बसतो. तो काढायला मोटर उतरवावी लागते. पोती जमिनीपासून वर, लाकडी पाटांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवावीत. उघडलेलं पोतं झाकणाच्या डब्यात. दिवाळीनंतर पुन्हा पेटवण्याआधी हॉपरचा तळ आणि धुराडं पाहून घ्यावं. गांधीलमाश्या आणि उंदीर दोघांनाही ती जागा आवडते.

राख काढायची ती पूर्ण दिवसभर गार झाल्यावर, लोखंडी झाकणाच्या डब्यात. प्लास्टिकच्या टोपलीत नाही, आणि व्हॅक्यूमने तर मुळीच नाही, जोवर हात लावून खात्री होत नाही. बरेच जण ही राख संत्र्याच्या बुंध्याशी टाकतात, पोटॅश मिळतं म्हणून. या काळ्या चुनखडीच्या जमिनीत ते जपून करावं. राख अल्कधर्मी असते, आणि जमीन आधीच चुनखडीची असेल तर संत्र्याला लोह मिळेनासं होतं, नवी पानं पिवळी पडतात. शेणखताच्या उकिरड्यात थोडी थोडी मिसळून मुरवलेली राख बागेला चालते. थेट टोपलीभर ओतलेली चालत नाही.